कोणत्या चालीतून किती गुण? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात व्यावसायिक बास्केटबॉलमधील चालींची एक यादी दिली होती. अमेरिकेतील एनबीए स्पर्धेत प्रत्येक सामन्याचे चित्रण पाहून कोणते आक्रमण कोणत्या चालीने संपले याची नोंद ठेवली जाते, आणि त्या त्या चालीतून सरासरी किती गुण निघाले हे जाहीर होते. ज्यांच्या हाती तो अंक आला नसेल त्यांच्यासाठी यादीचा गोषवारा पुन्हा देतो. बचावपटूच्या पाठीमागून रिंगकडे धावत जाऊन पास झेलणे, म्हणजे ‘कट’, यातून दर चालीमागे साधारण १.२ ते १.३ गुण मिळतात. बचाव सावरण्याआधी धावत जाऊन केलेले आक्रमण, म्हणजे ‘फास्ट ब्रेक’, हुकलेला चेंडू झेलून, म्हणजे ‘रिबाउंड’ घेऊन, तिथल्या तिथे पुन्हा टाकलेला चेंडू आणि ‘पिक अँड रोल’मध्ये स्क्रीन लावून, म्हणजे साथीदाराच्या बचावपटूची वाट अडवून, रिंगकडे वळलेला खेळाडू, हे तिन्ही प्रकार १.१ च्या आसपास असतात. जागेवर उभे राहून, पास येताच नेम साधणे, म्हणजे ‘स्पॉट-अप’, एकच्या जवळपास असते. हातात हात देऊन चेंडू सोपवण्याची ‘हँड-ऑफ’, एकाने एकालाच भिडायचे ‘आयसोलेशन’, रिंगकडे पाठ करून खेळायचे ‘पोस्ट-अप’ आणि पिक अँड रोलमध्ये चेंडूवाल्याने स्वतःच केलेला शेवट, हे सारे साधारण ०.८५ ते ०.९५ मध्ये राहतात. हंगामागणिक आकडे थोडे हलतात, पण हा क्रम फारसा बदलत नाही.

या यादीवर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि संकेश्वर भागातून पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

निपाणीहून एक क्रीडाशिक्षक विचारतात : आम्ही आजवर किती चेंडू टाकले आणि किती आत गेले याची टक्केवारी काढत आलो. ती पुरेशी नाही काय? ‘दर ताब्यामागे गुण’ हा हिशेब शाळेच्या सामन्यात ठेवता येतो का?

सर, टक्केवारी खोटे सांगत नाही, पण ती अर्धेच सांगते. एका मुलाने तीन गुणांच्या रेषेच्या आतून, म्हणजे दोन-दोन गुणांचे, दहापैकी पाच चेंडू आत टाकले आणि दुसऱ्याने त्याच रेषेबाहेरून दहापैकी चार आत टाकले, तर टक्केवारीच्या वहीत पहिला पन्नास आणि दुसरा चाळीस दिसेल. गुण मात्र पहिल्याचे १० आणि दुसऱ्याचे १२ होतात. टक्केवारीत न दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी आहेत. फाऊल मिळवून फ्री थ्रोच्या, म्हणजे कोणी न अडवता टाकायच्या एकेका गुणाच्या चेंडूच्या, रेषेवर गेलेला खेळाडू त्या टक्केवारीत कोठेच येत नाही. एनबीएतील सरासरी खेळाडू शंभरपैकी ७७-७८ फ्री थ्रो आत टाकतो, म्हणजे दोन फ्री थ्रोंची किंमत दीड गुणांहून अधिक होते, आणि एवढा भरघोस मोबदला यादीतील कोणत्याच चालीचा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हातातून निसटलेला किंवा प्रतिपक्षाने पळवलेला चेंडू. त्या आक्रमणाचे शून्य गुण झाले, पण टक्केवारीला त्याचा पत्ताच नसतो.

म्हणून हिशेब ताब्याचा ठेवायचा. चेंडू आपल्याकडे आल्यापासून तो प्रतिपक्षाकडे जाईपर्यंत एक ताबा धरायचा. आपलाच हुकलेला चेंडू आपणच रिबाउंड केला तर ताबा तोच चालू राहतो. या ठिकाणी यादी वाचताना अनेकांचा गोंधळ झाला आहे. २०२३-२४ च्या हंगामात एनबीएतील संघांची सरासरी दर शंभर ताब्यांमागे ११५ गुणांच्या घरात होती, म्हणजे एका ताब्याला १.१५, आणि यादीतील बहुतेक चाली तर त्याच्याही खाली आहेत, हे कसे, असे दोघांनी विचारले आहे. एका ताब्यात दोन किंवा तीन चाली होऊ शकतात, हे त्याचे कारण आहे. पहिली चाल हुकली की तिच्या नावे शून्य पडते, रिबाउंड घेऊन दुसरी सुरू होते, पण ताबा एकच मोजला जातो. चालीचा आकडा आणि ताब्याचा आकडा एकमेकांशेजारी ठेवून तुलना करू नये.

शाळेच्या सामन्यात हे करायला एक वही आणि एक सावध विद्यार्थी पुरेसा आहे. आक्रमण संपले की एक रेघ, आणि रेघेपुढे त्या ताब्यातले गुण लिहायचे. शेवटी गुणांना रेघांनी भागायचे. अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ डीन ऑलिव्हर यांनी विजयाची चार अंगे मांडली आहेत : नेमाची परिणामकारकता, गमावलेले चेंडू, आक्रमणातील रिबाउंड आणि फ्री थ्रो. सामन्याला बसल्या बसल्या चारही मोजता आली नाहीत तर गमावलेले चेंडू तेवढे वेगळ्या खुणेने नोंदवा. माझ्या अनुभवात आपल्याकडील शालेय संघांचे सर्वांत मोठे नुकसान त्यातच होते.

टिळकवाडीतील एक महाविद्यालयीन खेळाडू लिहितात : मी पहाटे उठून एनबीएचे सामने पाहतो. कटमधून १.३ गुण मिळतात आणि पिक अँड रोलमधील चेंडूवाल्याला ०.९ सुद्धा कष्टाने मिळतात, तर मग सगळे संघ दिवसभर पिक अँड रोलच का खेळतात? सरळ कटच का खेळत नाहीत? आमचे प्रशिक्षक म्हणतात, आकड्यांच्या नादी लागू नका. आपले मत काय?

हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेकांनी विचारला आहे, आणि माझ्या मते या साऱ्या विषयाचे मर्म त्यात आहे. आकड्यांच्या नादी जरूर लागावे, पण आकडा कोणाच्या खात्यावर जमा होतो हे आधी पाहावे.

पिक अँड रोलमध्ये नेमके काय घडते ते सावकाश पाहू. चेंडू घेतलेला गार्ड रिंगच्या समोर सात-आठ मीटरवर ड्रिबल करत उभा आहे. उंच साथीदार पुढे येतो आणि गार्डला चिकटलेल्या बचावपटूच्या कुशीशी पाय रोवून उभा राहतो. गार्ड त्याच्या खांद्याला खांदा घासून निघतो. घासून जाणे महत्त्वाचे आहे, कारण मध्ये वीतभर फट राहिली तरी बचावपटू त्यातून सरकतो. तो स्क्रीनवर अडकला की त्या क्षणापासून दीड-दोन सेकंद चेंडूवाला आणि वळून रिंगकडे निघालेला उंच खेळाडू या दोघांसमोर एकच बचावपटू मोकळा असतो. ही दीड-दोन सेकंदांची उसनी संख्या हेच या चालीचे खरे उत्पन्न आहे.

आता बचावाने काय करायचे? उंच बचावपटू रिंगजवळ मागे थांबला तर गार्डला मधल्या अंतरावरून, उडी मारून टाकण्याची मोकळीक मिळते. मधल्या अंतरावरचा नेम व्यावसायिक खेळाडूंचासुद्धा शंभरात चाळीस-बेचाळीसच्या आसपास लागतो, म्हणजे सुमारे ०.८ गुण. बचावाला हे परवडते, म्हणूनच तो ही जागा मुद्दाम सोडतो. दोघेही बचावपटू गार्डवर चालून गेले तर चेंडू वळलेल्या उंच खेळाडूकडे जातो आणि मागे चार आक्रमकांसमोर तिघे उरतात. त्याला अडवायला कोपऱ्यातला बचावपटू आत सरकला की कोपरा मोकळा होतो. तिसरा मार्ग म्हणजे बचावपटूंनी आपापली माणसे अदलाबदल करायची. मग बुटक्यासमोर उंच आणि उंचासमोर बुटका अशी विजोड जोडी पडते, आणि तेथून आयसोलेशन किंवा पोस्ट-अप सुरू होते.

यादीत नोंद होते ती शेवटाची. कोपऱ्यातून तीन गुण पडले की ते स्पॉट-अपच्या खात्यावर जमा होतात. मदतीला धावलेल्याच्या पाठीमागून कोणी रिंगकडे घुसले की ते कटचे गुण. वळलेल्याने टाकले तर ते वळणाऱ्याचे. मग चेंडूवाल्याच्या खात्यात काय उरते? काहीच उघडले नाही तेव्हा नाइलाजाने मारलेली मधल्या अंतरावरची उडी, आणि गर्दीत पास देताना गमावलेले चेंडू. सगळी कमाई इतरांच्या नावे, उधारी मात्र त्याच्या नावे असा हा प्रकार आहे. अशा खात्यावर ०.९ दिसले तर त्यावरून चाल वाईट ठरत नाही.

आपल्याकडे आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. पैलवान दस्ती ओढतो, म्हणजे समोरच्याचा हात धरून खेचतो, समोरच्याचे वजन पुढच्या पायावर येते, आणि त्याच क्षणी पट, म्हणजे पाय धरून पाडण्याचा डाव, निघतो. टाळ्या पटाला पडतात. पण दस्तीशिवाय नुसताच पट काढायला वाकलेला पैलवान जागच्या जागी दबला जातो, हे आखाड्याभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. कट हा पट आहे, आणि पिक अँड रोल, हँड-ऑफ, चेंडू घेऊन आत घुसणे या दस्त्या आहेत.

हे आपल्या कोर्टावरही दिसते. गेल्या पावसाळ्यात, चार दिवसांच्या झडीनंतर उघडीप मिळालेल्या एका सकाळी, टिळकवाडीतील एका कोर्टावर मुले खेळत होती. एका रिंगखाली पाणी साचले होते, म्हणून सगळा खेळ दुसऱ्याच रिंगवर चालला होता. एक ठेंगणा गार्ड स्क्रीन घेऊन उजवीकडून निघायचा, फ्री थ्रोच्या रेषेजवळ थांबायचा आणि उडी मारून टाकायचा. तीनदा त्याने तसे केले आणि तिन्ही चेंडू रिंगवर आपटून बाहेर आले. कडेला उभा असलेला त्यांचाच एक साथीदार “चेंडू सोड की रे!” म्हणून ओरडत होता. पण माझे लक्ष बेसलाइनवरच्या, म्हणजे रिंगमागच्या सीमारेषेजवळच्या, बचावपटूकडे होते. तिसऱ्या वेळी त्याने रिबाउंडच्या आशेने दोन पावले आत टाकली आणि मान गार्डकडे वळवली. चौथ्या वेळी त्याची मान वळताच त्याच्यामागचा मुलगा बेसलाइनने सरकला, गार्डने चेंडू जमिनीवरून टप्पा देऊन दिला, आणि कोणाचा हातही न लागता ले-अप, म्हणजे रिंगजवळून अलगद आत टाकलेला चेंडू, झाला. वहीत कट, दोन गुण अशी नोंद झाली असती. ती मान वळवून घेतली कोणी, याचा रकाना वहीत नसतो.

व्यावसायिक खेळातील उदाहरणेही हेच सांगतात. २००४-०५ मध्ये माइक डी’अँटोनी यांच्या मार्गदर्शनाखाली फिनिक्स सन्सने ६२ सामने जिंकले, ते स्टीव्ह नॅश आणि अमारे स्टुडेमायर यांच्या पिक अँड रोलवर. पण दोन्ही कोपऱ्यांत नेमबाज उभे ठेवले होते म्हणून बचावाला आत सरकणे महाग पडले. २०१४ च्या अंतिम मालिकेतील तिसऱ्या सामन्यात सॅन अँटोनियो स्पर्सने मायामीत जाऊन सामन्याच्या पहिल्या अर्ध्या भागात ३३ पैकी २५ चेंडू आत टाकले आणि ७१ गुण केले. त्या संघाचे पासिंग लोक आजही आठवतात, परंतु त्या पासांची साखळी बहुतेक वेळा टोनी पार्कर किंवा मानू जिनोबिली यांनी स्क्रीनवरून मारलेल्या मुसंडीनेच सुरू होत असे.

‘सरळ कटच खेळावा’ या कल्पनेच्या सर्वांत जवळ गेलेला संघ म्हणजे स्टीव्ह कर यांचा गोल्डन स्टेट वॉरियर्स. २०१४ मध्ये ते प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या संघाने इतरांच्या मानाने पिक अँड रोल कमी आणि चेंडूविना धावणे जास्त, असा खेळ उभा केला. पण तेथेही दस्ती होतीच, आणि ती स्टीफन करी याच्या रूपाने सतत धावत होती. २०१५-१६ च्या हंगामात त्याने तीन गुणांचे ४०२ चेंडू आत टाकले. असा माणूस स्क्रीनवरून बाहेर पळाला की दोन बचावपटू धास्तीने त्याच्यामागे जातात, आणि स्क्रीन लावणारा मोकळ्या रिंगकडे चालत जातो. त्या सोप्या ले-अपची किंमत करीच्या धास्तीने मोजलेली असते. ज्या संघात बाहेरून कोणीच टाकू शकत नाही, त्या संघाने कट कितीही रेखीव मारले तरी बचाव रिंगखाली गोळा होऊन बसतो, आणि १.३ चा आकडा त्या संघासाठी उरत नाही.

आणखी एक उदाहरण मला फार आवडते. २०२२-२३ मध्ये सॅक्रॅमेंटो किंग्सने दर शंभर ताब्यांमागे ११८ हून अधिक गुण केले, हा त्या हंगामातील सर्वोच्च आकडा होता, आणि १६ हंगामांनंतर तो संघ बाद फेरीत पोहोचला. याच संघाने ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत येऊन इंडियाना पेसर्सशी दोन प्रदर्शनी सामने खेळले होते, आणि त्याचे प्रमुख मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचे आहेत. त्या हंगामातील त्यांचे आक्रमण डोमांटास सबोनिस याच्या हँड-ऑफवर उभे होते. यादीत हँड-ऑफ तळाच्या घोळक्यात आहे. तळाच्या चालीवर स्पर्धेतील सर्वांत परिणामकारक आक्रमण उभे राहते, हे कोडे शेवट आणि सुरुवात वेगवेगळी मोजल्याशिवाय सुटत नाही.

आपल्या प्रशिक्षकांशी मी एवढ्यापुरता सहमत आहे की सरासरीचा आकडा पाहून चाल निवडू नये. तीच चाल उद्या आणखी दहा वेळा खेळली तर त्या दहांतून किती मिळेल, हे विचारावे. कट दुप्पट केले तर बचाव आत येईल आणि कटचा आकडा घसरेल. त्याच वेळी बाहेरचा नेमबाज मोकळा होऊन त्याचा आकडा चढेल. चांगला संघ हा तराजू सामनाभर हलता ठेवतो.

हिंडलग्याहून एक निवृत्त सुभेदार लिहितात : आमच्या वेळी रेजिमेंटच्या संघात एकट्याने चेंडू धरून ठेवणाऱ्याला शिक्षा असे. आता मोठे खेळाडू चार साथीदारांना उभे करून एकटेच खेळतात आणि लोक त्याला शास्त्र म्हणतात. हे योग्य आहे काय?

सुभेदारसाहेब, आपला आक्षेप जुना असला तरी निराधार नाही. आयसोलेशनचा सरासरी आकडा तळाशी आहे, आणि याचे एक कारण असे की फसलेली आक्रमणे शेवटी त्याच खात्यात येऊन पडतात. २४ सेकंदांचे घड्याळ एनबीएने १९५४ मध्ये आणले. त्या घड्याळात चार-पाच सेकंद उरले आणि आखलेली चाल फसली की कोणातरी एकाला बचावपटूवर चालून जावेच लागते.

अपवादही फार मोठा आहे. २०१८-१९ मध्ये जेम्स हार्डनने सामन्यामागे ३६.१ गुणांची सरासरी राखली. तो एका सामन्यात सुमारे १६ वेळा आयसोलेशन खेळत असे आणि दर वेळेला सरासरी १.१ गुण काढत असे. ही पातळी फास्ट ब्रेकची झाली, आणि तीही सावरून उभ्या असलेल्या बचावासमोर. त्याच्याजवळ मागे उडी घेऊन टाकायचा तीन गुणांचा फटका होता, फाऊल काढण्याची हातोटी होती, आणि बाकीचे चौघे उभे दिसत असले तरी तीन गुणांच्या रेषेवर असे पसरलेले होते की मदतीला येणाऱ्याला लांबून धावावे लागे. शिवाय बहुतेक वेळा आधी स्क्रीन लावून, बचावाला अदलाबदल करायला भाग पाडून, समोर हवा तो बचावपटू आणलेला असे.

परंतु आकड्याने दिसते त्याहून ही चाल धोक्याची आहे, असे माझे स्वतःचे मत आहे. सामन्यावर सामना एकाच माणसाच्या पायांवर भार टाकला की चौथ्या डावात ते पाय उरत नाहीत, आणि चार साथीदारांचे हात थंड पडलेले असतात. २८ मे २०१८ रोजी वेस्टर्न कॉन्फरन्सच्या अंतिम मालिकेतील सातव्या सामन्यात हार्डनच्या ह्यूस्टन रॉकेट्सचे तीन गुणांचे सलग २७ प्रयत्न हुकले. ४४ पैकी फक्त ७ आत गेले. त्या दिवशी दुखापतीमुळे ख्रिस पॉल खेळू शकला नव्हता, त्यामुळे चेंडू हाताळणारा दुसरा अनुभवी माणूसही नव्हता. सारा दोष एका चालीवर टाकणे अन्याय होईल, पण थकव्याचा हिशेब कोणत्याच यादीत नाही, हे त्या रात्री दिसले.

आपल्याकडे हार्डन नाही. आपल्याकडे आयसोलेशन शेवटचा उपाय म्हणून नव्हे, तर संघातील नावाजलेल्या मुलाचा मान म्हणून खेळले जाते, आणि हे मी दर स्पर्धेत पाहतो. तुमच्या रेजिमेंटची शिस्त त्या मुलांच्या फायद्याची ठरेल.

खानापूरहून दहावीतील एक विद्यार्थिनी लिहिते : काका, मी वर्गात सगळ्यांत उंच आहे, म्हणून सर मला रिंगखाली पाठ करून उभी करतात. यादीत पोस्ट-अप तळाला आहे. मग मी चुकीचा खेळ शिकते आहे का?

नाही बाळ, मुळीच नाही. पण तू त्यातला अर्धाच भाग शिकत असशील, तर दुसरा अर्धा आता शिकायला घे.

पूर्वी एनबीएत बचावपटूला स्वतःच्या माणसापासून फार दूर जाता येत नसे, त्यामुळे शकील ओ’नीलसारख्या बलदंड खेळाडूला रिंगजवळ चेंडू मिळाला की तो एकास एक खेळू शके. २००१-०२ पासून क्षेत्रबचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, परवानगी मिळाली, चेंडू आत येण्याआधीच दुसरा बचावपटू समोर येऊन उभा राहू लागला, आणि पोस्टमध्ये, म्हणजे रिंगजवळ पाठ करून उभ्या असलेल्या खेळाडूकडे, चेंडू पोहोचवणेच अवघड झाले. पुढे तीन गुणांच्या फटक्याची किंमत सर्वांना कळली आणि पोस्ट-अप आणखी मागे पडले.

पण डेन्व्हर नगेट्सच्या निकोला योकिचकडे पाहा. २०१४ मध्ये एनबीएच्या संघांनी नवे खेळाडू निवडले, त्या निवडीत तो ४१ वा होता. पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि २०२३ मध्ये त्याच्या संघाने विजेतेपद मिळवले. तो रिंगकडे पाठ करून उभा राहतो तेव्हा त्याचे पहिले काम खांद्यावरून मागे पाहण्याचे असते. दुसरा बचावपटू त्याच्याकडे निघाला की ज्याला सोडून तो निघाला, त्याच्याकडे चेंडू गेलेला असतो. ते गुण कट किंवा स्पॉट-अप म्हणून लिहिले जातात, हे वरच्या उत्तरात तू वाचलेच असशील.

तेव्हा चेंडू हाती आला की तो हनुवटीखाली दोन्ही हातांनी घट्ट धर, कोपरे बाहेर ठेव, आणि आधी बेसलाइनच्या बाजूच्या खांद्यावरून पाहा. बचावपटू दुसऱ्या बाजूला असेल तर एकच लांब पाऊल मागे टाकून वळ आणि टाक. कोणी मदतीला येत असेल तर त्याने सोडलेली मैत्रीण शोध. आणि सरांना आदराने विचार, की मला वर येऊन स्क्रीन लावायला आणि वळायलाही शिकवाल का. वळणाऱ्या खेळाडूचा आकडा यादीत किती वर आहे ते तू पाहिलेस. त्या जागेसाठी उंच आणि चपळ पाय लागतात, आणि पंधराव्या वर्षी चपळपणा शिकता येतो.

चिक्कोडीहून एक वाचक : फास्ट ब्रेक इतका फायद्याचा असेल तर नेहमीच पळावे काय?

चेंडू हिसकावून घेतला असेल तर अवश्य पळावे. रिबाउंडनंतर समोर तिघांपेक्षा कमी बचावपटू दिसले तर पळावे. समोरच्यांनी गुण केल्यावर बेसलाइनवरून चेंडू आत घेऊन पळण्यात फायदा सर्वांत कमी, कारण तोवर बचाव मागे पोहोचलेला असतो. हे तीन प्रसंग एकाच खात्यात मोजले जातात, आणि धावपळीत चेंडूही बरेच गमावले जातात, म्हणून सरासरी १.१ वर राहते. फास्ट ब्रेक मुद्दाम फाऊल करून तोडण्याची खोड इतकी बळावली होती की २०२२-२३ पासून एनबीएने त्यावर एक फ्री थ्रो आणि चेंडू परत अशी शिक्षा ठेवली. ही चाल बचावाला किती महाग पडते, ते त्यावरून समजावे.

संकेश्वरजवळच्या एका शाळेतील शिक्षक : हे सारे आकडे अमेरिकेतील कोर्टाचे आहेत. आम्ही फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो, आणि आमच्या कोर्टावरची तीन गुणांची रेषा टेपने मोजली तर सव्वासहा मीटर भरली. आम्हाला ही यादी कितपत लागू पडते?

चालींचा परस्परसंबंध लागू पडतो, आकडे जसेच्या तसे पडत नाहीत. एनबीएत तीन गुणांची रेषा समोरून ७.२४ मीटरवर आणि कोपऱ्यात ६.७० मीटरवर असते. फिबाची समोरून ६.७५ आणि कोपऱ्यात ६.६० मीटरवर असते. म्हणजे एनबीएत कोपऱ्यातला फटका समोरच्या फटक्याहून अर्ध्या मीटरहून अधिक जवळ पडतो आणि त्यामुळे तेथील नेमबाजाला चांगला सोयीचा होतो, तर आपल्याकडे तो फरक नावापुरताच आहे. दुसरा फरक मोठा आहे. एनबीएत बचावपटूला कोणाला चिकटून न राहता रिंगसमोरच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही, फिबाच्या नियमांत बचावाला असे बंधन नाही. त्यामुळे उंच बचावपटू रिंगखाली ठाण मांडतो, कट आणि मुसंडी दोन्ही अधिक अडतात, आणि त्याला तेथून बाहेर ओढायला रेषेबाहेर टाकू शकणारा उंच खेळाडू आपल्याला एनबीएहूनही जास्त गरजेचा ठरतो.

आपल्या कोर्टावरची सव्वासहा मीटरची रेषा ही २०१० पूर्वीची फिबाची रेषा आहे. त्या रेषेवर सराव केलेली मुले तालुक्याबाहेरच्या स्पर्धेत अर्ध्या मीटरने आत उभी राहतात, आणि त्यांचे तीन गुणांचे फटके पंच दोन गुणांचे देतात. रंगाचा एक डबा आणि एक सुट्टीचा दिवस यांत हे दुरुस्त होईल. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि तो जमिनीला टेकेल तेथे खिळा ठेवा. त्या खिळ्याला सुतळी बांधून ६.७५ मीटरवर खडूने कमान काढा आणि नवी रेषा कमानीच्या आतल्या अंगाने रंगवा, कारण माप रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरतात. कोपऱ्यात बाजूच्या रेषेच्या आतल्या कडेपासून ९० सेंटिमीटर मोजून सरळ रेघ ओढा आणि ती कमानीला मिळवा. जुनी रेषा पूर्ण खरवडून काढा, नाहीतर खेळताना मुलांची नजर तिच्यावरच जाते.